फोंड्याचं मसाल्याचं कुळागर एका दिवसात नीट कसं बघायचं

गोव्याला येणारे लोक तीन-चार दिवस समुद्रावर घालवतात आणि मग विचारतात आता काय बघायचं, तेव्हा मी प्रत्येकाला हेच सांगते की एक अख्खा दिवस किनाऱ्याकडे पाठ करा आणि फोंड्याला या. मी मूळची कोल्हापूरची, लग्नानंतर फोंड्याला आले, आणि इथे येईपर्यंत मिरीचा वेल कसा असतो हे मला माहीत नव्हतं. आता घरी पाहुणे आले की त्यांना कुळागरात घेऊन जाणं हे माझंच काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण बरेच जण पॅकेज टूरमध्ये तासाभरात फोटो काढून, जेवून, दुकानातून दोन पाकिटं उचलून निघून जातात आणि नंतर म्हणतात ठीक होतं, एवढं काही नव्हतं. ते ऐकून वाईट वाटतं, म्हणून दिवस कसा आखायचा, आत गेल्यावर काय बघायचं, काय विचारायचं आणि काय घ्यायचं हे सगळं सविस्तर लिहिते.

आधी कुळागर म्हणजे काय ते थोडक्यात. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे वर झर आहे आणि खाली पाणी उतरतं, अशा जागी पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, माड, केळी, मिरी, जायफळ, फणस, अननस असं सगळं एकत्र लावलेली बाग. फोंडा तालुका, ज्याला जुनी माणसं अंत्रूज म्हणतात, तो अशा कुळागरांनी भरलेला आहे. त्यातल्या काहींनी पर्यटकांसाठी दारं उघडली, गाईड ठेवले, जेवणाची सोय केली, तीच आपली स्पाइस फार्म. म्हणजे बाहेरून थीम पार्कसारखा थाट, स्वागताला फुलं, कुंकू आणि गवती चहा, पण आत खरोखरची शेती चालू असते. हे डोक्यात ठेवून गेलात तर दिवस सार्थकी लागतो.

कधी यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात छान आणि गर्दी पण सगळ्यात जास्त. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शक्यतो नकोच. जानेवारीच्या आसपास मिरी तयार झालेली असते, वेलावर हिरवे घोस लोंबतात आणि अंगणात काळी मिरी वाळत घातलेली दिसते, ते बघायचं असेल तर हाच वेळ. मार्च ते मे उकाडा भयंकर, पण काजूची बोंडं, कोकम म्हणजे इथली भिरंडं, फणस, आणि हुर्राक प्यायचा असेल तर तोही याच दिवसांत. काजूच्या रसाची पहिली धार म्हणजे हुर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये जीआय, म्हणजे त्या त्या जागेच्या खास मालाला मिळणारं मानांकन मिळालं, आणि काजूचं झाड मुळात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं, अननस आणि मिरचीसुद्धा त्यांच्याबरोबरच आली.

माझा स्वतःचा आवडता वेळ मात्र पावसाळा, जुलै-ऑगस्ट. लोक घाबरतात, पण तेव्हा मिरीला फुलोरा असतो, जायफळं उकलून खाली पडलेली असतात, हळदीची पानं कंबरेएवढी झालेली असतात आणि पर्यटक अगदी कमी. चिखल असतो, डास असतात, जळवा पण असू शकतात, तेवढं सोसायची तयारी ठेवा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आलात तर वाटेत माशेलला चिखलकालो पण बघायला मिळेल, चिखलात लोळणारा, खेळणारा अख्खा गाव.

कुठलं निवडायचं

सावई-वेरें गावात सावई प्लांटेशन आहे, कुर्टीला सहकारी स्पाइस फार्म, केरीला ट्रॉपिकल स्पाइस प्लांटेशन, खांडेपारला पास्कोआल. याशिवाय लहान लहान घरगुती कुळागरं पण आहेत जी आधी सांगितलं तर माणसं घेतात. मोठ्या फार्मवर सोयी चांगल्या, वाटा नीट, टॉयलेट, पार्किंग, वयस्कर माणसांना बरं. लहान ठिकाणी मालक स्वतः फिरवतो आणि तुमच्या शंभर प्रश्नांना उत्तरं देतो. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मोठं घ्या, दोघं-तिघंच असाल आणि झाडांची आवड असेल तर लहान शोधा.

फोन करून आधी चार गोष्टी विचारायच्याच. तिकिटात जेवण धरलेलं आहे का, फेरी किती वेळाची, मराठी बोलणारा गाईड मिळेल का, आणि त्या दिवशी मोठ्या बसचा ग्रुप कधी येणार आहे. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण पन्नास माणसांच्या मागे उभं राहून गाईडचा आवाजही येत नाही, मग पानाचा वास काय घेणार. बस साधारण अकरानंतर यायला लागतात. तुम्ही साडेनऊला दारात असाल तर सगळं कुळागर तुमचं. मराठी गाईडचा आग्रह पण धराच. इथल्या बहुतेकांना मराठी उत्तम येतं, पण फॉरेनरची सवय असल्याने ते इंग्लिश किंवा हिंदीत सुरू करतात, तुम्ही मराठीत बोललात की तोच माणूस खुलतो आणि पाठ केलेलं भाषण सोडून घरच्या गोष्टी सांगायला लागतो.

एखाद्या ठिकाणी हत्तीवर बसायची, हत्तीला आंघोळ घालायची सोय आहे म्हणून सांगितलं तर मी तरी नाही म्हणते. साखळदंड बांधलेल्या हत्तीवर मुलांना बसवून आपण त्यांना काय शिकवतो याचा विचार करा. झाडं बघायला आलोय, झाडं बघूया.

कसं पोचायचं

पणजीहून फोंडा तीसेक किलोमीटर, रायबंदर, जुनें गोंय म्हणजे ओल्ड गोवा, बाणस्तारी, म्हार्दोळ असा रस्ता, तासभर धरा. मडगावहून त्यापेक्षा जवळ, वीसेक किलोमीटर. कळंगुट-बागाकडून निघणार असाल तर दीड तास हातात ठेवा. पणजी स्टँडवरून फोंड्याच्या बस दिवसभर सतत असतात, सरकारी कदंबच्या पण आणि प्रायव्हेट पण, तिकीट अगदी किरकोळ. पुढे फोंड्याहून गावांत जाणाऱ्या बस कमी आहेत, तिथून रिक्षा किंवा टॅक्सी करा आणि परतीचं आधीच ठरवून घ्या, कारण कुळागराच्या दारात रिक्षा उभी नसते. गोव्यात ओला-उबर चालत नाही, गोवा माइल्स नावाचं ॲप आहे, पण आतल्या गावांत त्याच्या भरवशावर राहू नका. बाईक भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, भाड्याने द्यायला परवाना असलेली गाडी तीच. पांढऱ्या पाटीची स्वस्तात मिळते आणि मग पोलिसांनी अडवलं की सगळा दिवस वाया.

आणि मॅपवर नाव टाकताना दोनदा बघा. गोव्यात केरी नावाची गावं एकापेक्षा जास्त आहेत, एक पेडण्यात समुद्रकिनारी, एक सत्तरीत अंजुणे धरणाजवळ, आणि आपल्याला हवी ती फोंडा तालुक्यातली. वेरेंचं पण तसंच, पणजीसमोर नदीपलीकडे एक वेरें आहे आणि मसाल्याचं सावई-वेरें वेगळं, त्याला पणजीहून बाणस्तारी-माशेल करून जातात. नुसतं केरी टाकून माणसं भलत्याच टोकाला पोचतात, म्हणून गावाबरोबर फोंडा लिहाच.

गुरुवारी येत असाल तर बाणस्तारीला पाच-दहा मिनिटं थांबा, तिथे आठवड्याचा बाजार भरतो. चतुर्थीच्या आधीचा माटोळीचा बाजार तर बघण्यासारखाच. गोव्यात गणपतीच्या वर लाकडी चौकटीला रानातली आणि कुळागरातली फळं, फुलं, कंद टांगतात ती माटोळी, सुपारीची शिपटी म्हणजे घोस, नारळ, तोरिंगण म्हणजे पपनस, चिबूड, आणि कितीतरी औषधी रानफळं जी एरवी कुठे विकायला येत नाहीत.

काय घालायचं, काय घ्यायचं

फुल पँट, बंद शूज, सुती कपडे, डासांचं क्रीम, पाण्याची बाटली, एक छोटा रुमाल. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. परफ्यूम अजिबात लावू नका, हे मी सगळ्यांना बजावून सांगते, कारण आज नाकाचं काम आहे. दुपारी देवळात जाणार असाल तर शॉर्ट्स-स्लीव्हलेस नको, बऱ्याच देवळांत सोडत नाहीत. जुने कागदी लिफाफे आणि पेन घ्या, मुलांना गळलेली पानं गोळा करून नाव लिहून ठेवायला फार आवडतं. झाडावरचं मात्र विचारल्याशिवाय काही तोडायचं नाही, तो कुणाचा तरी पोटापाण्याचा माल आहे.

आत गेल्यावर

गवती चहा प्या, पण लगेच गाईडच्या मागे धावू नका. आधी एका जागी उभं राहून वर बघा. सगळ्यात वर पोफळी आणि माड, पन्नास-साठ फूट सरळ गेलेले, त्यांच्या खोडाला धरून चढलेली मिरी, मधे जायफळ, दालचिनी, फणस, त्याखाली केळी, आणि जमिनीलगत वेलची, हळद, आलं, अननस. वरच्याने सावली द्यायची, खालच्याने ओल धरायची. पोफळीची गळलेली झापं तिथेच बुंध्याशी कुजू देतात, तेच खत. पाणी वरच्या झरीतून पाटाने खाली येतं आणि आळ्याआळ्यातून फिरतं. आता बऱ्याच जणांनी स्प्रिंकलर लावलेत, पण पाट अजून चालू असेल तर गाईडला दाखवायला सांगा, कुठे मातीचा बांध घालून कुठलं आळं उघडायचं हे बघण्यासारखं असतं. खोडांवर निळसर पांढरे डाग दिसले तर ते बोर्डो मिश्रणाचे, मोरचूद आणि चुना. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग लागतो आणि कोवळी सुपारी गळून पडते, म्हणून इतक्या उंच चढून घोसांवर ते फवारतात, तेही पावसाची उघडीप बघून.

मिरीपासून सुरुवात करा. एकाच वेलाची हिरवी, काळी आणि पांढरी मिरी होते हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. कच्चा दाणा तोडून उन्हात वाळवला की काळी, पूर्ण पिकून लाल झालेला दाणा भिजवून साल काढली की आतली पांढरी, आणि कोवळे घोस लोणच्यात घातले की हिरवी. हा वेल आपल्या सह्याद्रीचाच आहे आणि याच्याच वासावर गलबतं भरभरून लोक आले, वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला तो याच्यासाठी. हिरवा दाणा दाताखाली धरून बघा, आधी काही नाही, मग हळूच घशापर्यंत जातो.

जायफळाच्या झाडाखाली जास्त वेळ थांबा. बाहेरून पिवळसर, पेरूएवढं फळ, पिकलं की आपोआप मधोमध उकलतं आणि आतून जे दिसतं ते फोटोत कधीच नीट येत नाही. गडद चॉकलेटी चकचकीत बी आणि त्याला मिठी मारून बसलेली लालभडक जाळी. ती जाळी म्हणजे जायपत्री, ताजी असताना ओली आणि जाड लागते, वाळली की केशरी आणि कुरकुरीत. बी वाळवून कवच फोडलं की आत जायफळ, हलवलं की खुळखुळतं म्हणजे वाळलं. बाहेरच्या सालीचं इथे लोणचं घालतात. या झाडात नर आणि मादी वेगळी असतात आणि बी लावून वाढवलं तर फुलं येईपर्यंत, म्हणजे पाच-सात वर्षं, कोणतं आहे ते कळतच नाही, म्हणून शेतकरी आता कलमं लावतात. मूळ झाड इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, एके काळी जगात दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. एक काळजी घ्या, जायफळ चिमूटभरच वापरायचं असतं, जास्त पोटात गेलं तर त्रास होतो, मुलांच्या हातात देऊन दुसरीकडे बघू नका.

दालचिनीचं पान चुरगळा आणि डोळे मिटून वास घ्या. दालचिनीचा नाही, लवंगेचा येतो! सालीत आणि पानात तेल वेगळं असतं, पानात लवंगेतलंच युजेनॉल भरपूर. माझ्या भाचीला एका कामवाल्या मावशींनी असंच पान हातात दिलं होतं, म्हणाल्या, "बाये, वास घे आनी सांग कितें तें." पोरीने लवंग, तमालपत्र सगळं सांगून बघितलं, शेवटी मावशींनी नखाने फांदीची साल जराशी खरवडून तिच्या नाकाशी धरली, मग कुठे तिची ट्यूब पेटली. असं कोणी भेटलं तर गाईडला थोडं थांबवा, ही माणसं आयुष्यभर याच झाडांत राबलेली आहेत. ऑलस्पाइसचं झाड असेल तर त्याचं पान पण असंच, लवंग, दालचिनी, जायफळ सगळं एकात. ते झाड कॅरिबियन बेटांकडचं.

वेलची शोधायला लोक वर बघतात आणि ती असते खाली, बुंध्याजवळ जमिनीवर पसरलेल्या तुऱ्यांना. गोव्याच्या सखल भागात तिला फारसं पीक येत नाही, तिला उंचावरची थंड हवा लागते, त्यामुळे इथे ती बघायला म्हणून जास्त आहे.

व्हॅनिला मात्र चुकवू नका. ही ऑर्किड आहे, हिरवी जाड वेल, मूळची मेक्सिकोची. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, आणि तेवढ्याच वेळात माणसाने हाताने परागीकरण करायचं, नाहीतर शेंग नाही. उन्हाळा लागता लागता सकाळी लवकर गेलात तर प्रत्यक्ष बघायला मिळू शकतं. फुलाच्या आत एक बारीकसा पडदा असतो, टूथपिकसारख्या काडीने तो अलगद वर उचलायचा आणि अंगठ्याने वरचे पराग खाली दाबायचे, झालं, बोटं सराईत असली की दोन-चार सेकंदांचं काम. ही युक्ती 1841 मध्ये रियुनियन बेटावर एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने दाखवली आणि आजही जगभर तशीच वापरतात. त्याआधी मोठमोठ्या वनस्पतीतज्ज्ञांना मेक्सिकोबाहेर मळ्यात हे जमत नव्हतं. त्या पोराचं नाव मी मुलांना मुद्दाम सांगते. शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात, आणि हिरव्या शेंगेला वास शून्य, तोडल्यावर कित्येक आठवडे तिला ऊब देत, घाम आणत, वाळवत ठेवलं की मग तो सुगंध येतो. खरी व्हॅनिला एवढी महाग का हे इथे उभं राहून समजतं.

तिरफळाचं झाड गाईड बऱ्याचदा दाखवत नाही, तुम्ही विचारा. खोडभर जाड काटे, आणि फळं हिरव्या मण्यांसारखी. घाटावरच्या लोकांना हे माहीत नसतं, पण गोवा-कोकणात बांगड्याची उडदामेथी (उडीद-मेथीचं कालवण) किंवा खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण) तिरफळाशिवाय होत नाही. चावलं की जीभ बधिर होऊन मुंग्या येतात, वास संत्र्याच्या सालीच्या जवळ जाणारा पण त्याहून तीव्र.

औषधी झाडांचा कोपरा पण असतो, अडुळसा, ब्राह्मी, सर्पगंधा वगैरे. सर्पगंधेच्या मुळातून 1952 मध्ये रिसर्पिन वेगळं काढलं आणि रक्तदाबाचं औषध म्हणून ते जगभर वापरलं गेलं, म्हणजे या झाडांत ताकद खरी आहे. म्हणूनच कोणीतरी सांगितलं म्हणून पान तोडून खाऊ नये. या विषयाची आवड असेल तर पणजीत चर्चसमोरच्या बागेत पण जा, ती गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज डॉक्टरच्या नावाची. तो गोव्यात राहिला, इथल्या वैद्यांकडून आणि व्यापाऱ्यांकडून औषधी आणि मसाले समजून घेतले, आणि त्यावरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला.

फेरीच्या शेवटी पोफळीवर चढून दाखवतात. पायात दोरीचं वेटोळं, सरसर वर, आणि मग खाली न उतरता झाड झुलवून दुसऱ्या पोफळीवर. टाळ्या वाजवाच, पण हे सर्कशीतलं नाही, सुपारी काढायची खरी पद्धत आहे, प्रत्येक झाडावर चढ-उतर करण्यात दिवस जाईल. आता हे काम करणारी माणसं फार कमी राहिलीत, त्या माणसाशी दोन शब्द बोला आणि टिप द्यायची तर त्याच्याच हातात द्या. काही ठिकाणी निघताना मानेवर गवती चहाचं थंड पाणी ओततात, अंगावर शहारा येतो, उन्हाळ्यात तर फार बरं वाटतं.

आणि मग, गाईडची फेरी संपली की लगेच जेवायला पळू नका. विचारा, आम्ही अजून अर्धा तास इथेच फिरू का. बहुतेक हो म्हणतात. पहिल्या फेरीत नावं ऐकलेली असतात, दुसऱ्या फेरीत ती झाडं तुमची तुम्हाला ओळखता येतात. मुलांना ओळखायला लावा, बघा किती बरोबर सांगतात.

जेवण

केळीच्या पानावर किंवा पोफळीच्या विरीच्या, म्हणजे झापाच्या बुडाकडच्या रुंद भागाच्या, ताटलीत. बुफेत पनीर आणि नूडल्स पण असतात कारण सगळ्या प्रकारचे लोक येतात, पण तुम्ही खतखतं, मुगागाठी (मोड आलेल्या मुगाचं कालवण), अळसांद्याचं म्हणजे चवळीचं तोंडाक, सोलकढी, हुमण-शीत (माशाचं कालवण आणि भात), आणि गोडात मणगणं (चणाडाळ, गूळ आणि नारळाच्या रसाची खीर) असेल ते घ्या. आधी फोन केला असेल तर गोव्याचंच जेवण हवं असं सांगून ठेवा, लहान ठिकाणी आनंदाने करतात. श्रावणात गेलात तर हळदीच्या पानात उकडलेल्या गोड पातोळ्या विचारा. खतखत्यात तिरफळ सापडलं तर चावू नका, बाजूला ठेवा, त्याने आपलं काम केलेलं असतं. फेणीचा छोटा ग्लास देतात, गाडी चालवणाऱ्याने तो सरळ नाही म्हणायचा.

दुकानात

इथे डोकं थंड ठेवा. काऊंटरवरचं सगळं त्या बागेतलं नसतं. केशर दिसलं तर ते गोव्याचं असूच शकत नाही. वेलची आणि लवंग पण बहुधा बाहेरची. इथलं घ्यायचं तर मिरी, जायफळ, जायपत्री, तिरफळ, कोकम, सुपारी, काजू, आणि थेट विचारा, यातलं तुमच्या बागेतलं काय. प्रामाणिक माणूस सांगतो.

पारख अशी. मिरी पाण्यात टाकली की भरलेला दाणा बुडतो, पोकळ दाणे आणि भेसळीच्या पपईच्या बिया तरंगतात. जायफळ हाताला जड लागलं पाहिजे आणि नखाने टोकरल्यावर तेलकट. व्हॅनिलाची शेंग लवचिक, बोटाला गुंडाळता येईल अशी, कडक काडीसारखी झालेली घेऊ नका. दालचिनी पातळ पातळ थरांची गुंडाळी असेल तर खरी, एकच जाड साल वळलेली असेल तर तो कॅसिया, दालचिनीच्या नात्यातल्या दुसऱ्या झाडाची साल. पावडर शक्यतो कशाचीच घेऊ नका, अख्खं घ्या आणि घरी कुटा.

डायबेटिस बरा करणारं तेल, केस उगवणारं तेल, गुडघ्याचं चूर्ण, हे पण विकतात. मी घेत नाही आणि कोणाला घेऊ देत नाही. आजाराचं औषध डॉक्टरकडून.

फेणी विमानाने न्यायची तर सीलबंद बाटली चेक-इन बॅगेत, माणशी पाच लिटरपर्यंत चालते. रस्त्याने महाराष्ट्रात गोव्याची दारू परवान्याशिवाय नेता येत नाही, सीमेवर बांदा-इन्सुलीला गाड्या तपासतात, उगाच भानगड नको. परदेशात राहणाऱ्यांनी रोपं आणि बिया नेण्याआधी त्या देशाचे नियम बघून घ्यावेत, एअरपोर्टवर काढून टाकतात.

दुपारनंतर

दोन-अडीचपर्यंत मोकळे होता. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, सगळी देवळं इथेच आजूबाजूला. यातले बरेच देव सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडून नदी ओलांडून इथे आणले, तेव्हा हा भाग पोर्तुगीजांकडे नव्हता, त्यांच्याकडे गेला तो अठराव्या शतकात. सगळी देवळं एका दुपारी धावत करू नका, दोन पुरेत. म्हार्दोळला जायीच्या फुलांचा हंगाम असेल तर देवळाबाहेर गजरे घ्या, पावसाळ्यात तिथे जायांची पूजा होते. आणि केरीच्या कुळागरात गेला असाल तर हेही लक्षात असू द्या की गायिका केसरबाई केरकर याच गावच्या, 1892 चा जन्म, आणि 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर त्यांनी गायलेली भैरवी आहे. मला तर त्या गावातून जाताना दरवेळी हे आठवतंच. देवळं नको असतील तर प्रियोळला फुलपाखरांचा बाग आहे, मुलांना आवडतो, पण तिथेही सकाळच बरी.

पणजीकडे परत जायचं तर साडेचारपर्यंत निघा, संध्याकाळी बाणस्तारी ते जुनें गोंय पट्ट्यात ट्रॅफिक तुंबतो.

घरी गेल्यावर

घेतलेला मसाला पाकिटात ठेवू नका. एक दिवस सावलीत पसरा, मग काचेच्या बरणीत, ओट्यापासून आणि उन्हापासून लांब. गोव्याच्या दमट हवेतून आलेला माल तसाच बंद केला तर बुरशी येते. तिरफळाच्या आत काळं बी राहिलं असेल तर काढून टाका, टरफलच वापरायचं, आणि वापरताना ठेचून पाण्यासकट आमटीत शेवटी घाला.

आणि रोप न्यायचंच असेल तर झुडपी मिरीचं न्या, तिला बुश पेपर म्हणून विचारा. वेलाच्या उभ्या फांदीऐवजी आडव्या, फळ धरणाऱ्या फांदीचं कलम असतं, त्यामुळे ती चढत नाही, कुंडीतच झुडपासारखी राहते आणि फ्लॅटच्या बाल्कनीत मिरी देते. बारा इंची कुंडी, भुसभुशीत माती, तळाला पाणी निघून जायला भोकं, थेट दुपारचं ऊन नको, सकाळचं चालेल. पाणी साचलं की मूळ कुजून रोप जातं, म्हणून माती वरून सुकली की मगच घाला. पुण्याच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात पानांवर पाणी फवारत राहा, आणि न्यायचं तर जूनमध्ये न्या, पावसाच्या हवेत ते पटकन रुजतं.